रिस्पेरिडोन सुरू करण्याआधी काय काय बघावं? (वय ९, वजन २७ किलो, बोलत नाही)

जुळेसोलापूरकर

मुलगा ९ वर्षांचा, वजन २७ किलो. आयएसएए चाचणीत (ऑटिझमची तीव्रता मोजणारी भारतीय चाचणी) १५८ गुण, म्हणजे तीव्र ऑटिझम. बोलत नाही. पाणी, संडास आणि 'बाहेर' एवढ्या तीन खुणा करतो. फिट कधी आलेली नाही, दुसरं कुठलंही औषध चालू नाही. गेल्या काही आठवड्यांत भिंतीवर डोकं आपटणं आणि मनगट चावणं फार वाढलंय. उजव्या मनगटाची कातडी चावून चावून जाड, काळपट झालीय आणि त्यावरच आता नवी जखम होते. रात्री एक-दीडच्या आधी झोप नाही. ओटी (ऑक्युपेशनल थेरपी) आणि विशेष शाळा नियमित चालू.

मानसोपचारतज्ज्ञांनी रिस्पेरिडोन ०.५ मिग्रॅ, रात्री, सिरप लिहून दिलंय. बाटली आणलीय, उघडलेली नाही. घरात दोन तट पडलेत. यांचं म्हणणं चालू करू, सासूबाईंचं म्हणणं पोराला गुंगीत ठेवायचं नाही.

विचारायचंय ते असं: सुरू करण्याआधी काय तपासून घ्यायचं, द्यायचं कसं (तोंडातलं थुंकतो, चहात घातलं तर पितो), काम करतंय की नाही हे कशावरून आणि किती दिवसांत ठरवायचं, आणि आपल्या सोलापूरच्या उन्हात काही वेगळं सांभाळावं लागतं का. 'आमच्या ओळखीत एकाला फरक पडला' छापाची उत्तरं कृपया नकोत.

होटगीरोड_बाबा

ताई, औषध नक्की कशासाठी आहे हे घरात सगळ्यांना एकसारखं कळू दे, निम्मं भांडण तिथंच मिटेल. रिस्पेरिडोन हे ऑटिझमवरचं औषध नाही. अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली औषध नियामक संस्था) २००६ साली त्याला मान्यता दिली ती ऑटिझम असलेल्या ५ ते १६ वयाच्या मुलांमधल्या तीव्र चिडचिडीसाठी. त्यात अंगावर धावून जाणं, स्वतःला इजा करणं, आकांडतांडव हे येतं. बोलणं, नजर देणं, मुलांत मिसळणं येत नाही. ते दिलं म्हणून शब्द फुटणार नाहीत. पण ज्यासाठी आहे तिथं काम करतं. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या १०१ मुलांच्या चाचणीत ८ आठवड्यांनंतर औषध घेणाऱ्यांपैकी ६९ टक्के मुलांत ठळक सुधारणा दिसली, औषध नसलेली गोळी घेणाऱ्यांत १२ टक्के. म्हणजे दहातल्या तिघांना औषध घेऊनही फरक नव्हता, हेही लक्षात असू द्या.

आता बाटली उघडण्याआधीचं. न बोलणाऱ्या मुलाचं आपटणं-चावणं काही आठवड्यांत वाढलं की पहिला संशय दुखण्यावर घ्यायचा. दाढा, कान, पोट, या क्रमाने.

दाढा: सहाव्या वर्षी मागे येणारी पक्की दाढ या वयात सर्रास किडलेली असते आणि दुधाच्या दाढाही याच सुमारास हलायला लागतात. एका बाजूनेच चावतो का, गार पाणी टाळतो का, गालावर हात दाबतो का ते बघा. तो हसताना किंवा ओरडताना मोबाईलचा टॉर्च लावून तोंडाचा व्हिडिओ काढा आणि दंतवैद्याला दाखवा. खुर्चीत बसवून पाच मिनिटं झटापट करण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

कान: डोक्याची कुठली बाजू आपटतो हे लिहून ठेवा. सतत एकच बाजू असेल तर कान-नाक-घसावाल्यांकडे आधी जा.

पोट: इथं बहुतेक जण फसतात. रोज थोडी थोडी शी होते म्हणून बद्धकोष्ठता नाही असं धरलं जातं. चड्डीला पातळ डाग लागणं म्हणजे पुष्कळदा वर घट्ट मळ अडकलेला असतो आणि त्याच्या कडेने पातळ झिरपत असतं. त्याला जुलाब समजून जुलाब थांबवायचं औषध दिलं की संपलंच. बालरोगतज्ज्ञ पोट चाचपून सांगतात. उपाय बहुधा पॉलिएथिलीन ग्लायकॉलची, म्हणजे मळ मऊ करणारी पूड. रोज चालू ठेवायचा डोस किलोमागे साधारण ०.४ ते ०.८ ग्रॅम, म्हणजे २७ किलोला ११ ते २२ ग्रॅम. पण मळाचा गोळा बसलेला असेल तर आधी तो मोकळा करायचा डोस वेगळा आणि जास्त असतो, तो डॉक्टरांनीच ठरवायचा.

सिव्हिलला मानसोपचार, बालरोग आणि कान-नाक-घसा विभाग एकाच आवारात आहेत. सकाळी लवकर ओपीडीला नंबर लावला तर एका फेरीत बरंच उरकतं.

याबरोबर रक्तातलं फेरिटिनही (शरीरातला लोहाचा साठा त्यावरून कळतो) बघायला सांगा. खाण्याचे प्रकार मोजकेच असलेल्या मुलांत लोह कमी असणं नेहमीचं. फेरिटिन ५० च्या खाली असेल तर रात्री पाय हलवत लोळणं, झोप न लागणं यामागे ते असू शकतं.

फार्मसी_सातरस्ता

ताई, औषध द्यायच्या भागाचं मी सांगतो. दुकानात रोज बघतो त्या चुका आहेत ह्या.

हे सिरप साधारणपणे १ मिलीत १ मिग्रॅ असं येतं. म्हणजे ०.५ मिग्रॅ म्हणजे ०.५ मिली, अर्धा मिली. बाटलीसोबत ५ मिलीचं टोपण किंवा चमचा आला असेल तर तो कपाटात ठेवून द्या. 'अर्धा' ऐकून अर्धा चमचा दिला की डोस पाचपट होतो. बाटलीवर प्रमाण वाचा, मगच मोजा. मोजायला १ मिलीची, बारीक रेघांची, सुई नसलेली सिरिंज मागा. घरात आजोबांची इन्सुलिनची सिरिंज असेल तर ती वापरू नका. आपल्याकडे मिळणाऱ्या बऱ्याच इन्सुलिन सिरिंजवर १ मिलीचे ४० भाग असतात, तिच्यावरचा '५' म्हणजे ०.१२५ मिली. गोंधळ ठरलेला.

चहात अजिबात घालू नका. रिस्पेरिडोनच्या द्रावणाच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं आहे की ते चहा आणि कोलात मिसळायचं नाही. पाणी, संत्र्याचा रस, कॉफी किंवा कमी सायीचं दूध चालतं. दोन घोट पाण्यात, तो पूर्ण पिईल एवढ्यातच मिसळा. ग्लासभर दुधात घातलं आणि त्याने अर्धं टाकलं तर किती पोटात गेलं हे तुम्हाला कधीच कळणार नाही, आणि पुन्हा द्यायची हिंमतही होणार नाही.

थुंकणाऱ्या मुलाला जिभेवर टाकू नका. सिरिंजचं टोक गालाच्या आतल्या बाजूला, दाढांच्या बाहेर, आणि हळूहळू सोडा. झोपवून, नाक दाबून तर कधीच नाही, श्वासात जातं.

आवडीच्या खाण्यात लपवण्याबद्दल एक. तुमचा मुलगा मोजून सहा-सात पदार्थ खात असेल आणि शेंगाचटणी-भाकरी त्यातली एक असेल, तर औषध तिच्यात घालू नका. एकदा चव लागली की तो पदार्थही जाईल, औषधही. नवीन, बिनमहत्त्वाचं काहीतरी त्यासाठी राखून ठेवा.

पुढे कधी गोळी लिहून आली तर स्ट्रिप वाचल्याशिवाय घेऊ नका. रिस्पेरिडोनच्या नावापुढे 'प्लस' किंवा तसलं काही शेपूट असेल तर बहुधा त्यात ट्रायहेक्झिफेनिडिल मिसळलेलं असतं. डॉक्टरांनी मुद्दाम दिलं असेल तर प्रश्न नाही. पण साधं नाही म्हणून दुकानदाराने ते दिलं असेल तर परत करा. त्याने तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता वाढते आणि घाम कमी येतो. वर बाबांनी पोटाचं सांगितलं आणि तुम्ही उन्हाचं विचारलं, दोन्ही गोष्टी इथं येऊन भेटतात.

जुळेसोलापूरकर

धन्यवाद दादा. म्हणजे त्याचा चहा पूर्ण बंद करायचा का? संध्याकाळचा कप चुकला तर घर डोक्यावर घेतो.

फार्मसी_सातरस्ता

बंद नाही. औषध चहात मिसळायचं नाही, एवढंच. संध्याकाळी ६ ला चहा, रात्री ९ ला औषध पाण्यातून, काही अडचण नाही. तरी झोपेसाठी म्हणून संध्याकाळचा चहा हळूहळू पातळ करत नेला तर बरं, बिनपत्तीचा, नुसता दुधाळ. कप तोच ठेवा.

बाटली फ्रीजच्या दारात ठेवू नका, देवघरापाशी खिडकीत तर नकोच. एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या पुढे जातो तेव्हा पत्र्याच्या खोलीत किंवा गाडीच्या डिकीत ठेवलेल्या औषधाचा भरवसा नाही. घरातलं सगळ्यात गार कपाट, आणि मुलाच्या हाताला न लागणारं. उघडल्याची तारीख बाटलीवर पेनाने लिहा.

विशेषशिक्षिका_अक्कलकोटरोड

मी औषधाच्या विरोधात नाही, पण एक भांडण मला करायचंच आहे. नुसतं 'चावतो, आपटतो' एवढ्यावर औषध सुरू झालं तर पुढे फरक मोजणार कशाशी? आधी आठवडाभर तीन रकाने भरा: आधी काय घडलं, मग त्याने काय केलं, त्यानंतर घरच्यांनी काय केलं. वेळ लिहा. शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा, आणि तोच लोक रिकामा सोडतात.

आपटल्यावर दर वेळी मोबाईल हातात दिला जात असेल, तर आपटणं हे मोबाईल मागायचं साधन झालेलं असतं. ते औषधाने जाणार नाही. तिथं मोबाईलचं चित्र असलेलं कार्ड द्या, कार्ड दिलं की लगेच मोबाईल, आणि आपटल्यावर नाही. सुरुवातीला आपटणं वाढेल, तो टप्पा घरातल्या सगळ्यांनी मिळून सोसायचा. आजीने मधेच दिला की आधीचं सगळं पाण्यात. उलट काहीच कारण नसताना, झोपेतून उठून, जेवणानंतर लगेच, एकांतात आपटत असेल तर बाबा म्हणतात तसं दुखणं शोधा.

दुसरं, एका वेळी एकच बदल. शाळेला सुट्टी लागली, ओटीची वेळ बदलली, त्याच आठवड्यात औषध सुरू झालं आणि त्याच आठवड्यात गहू बंद केला, तर जे होईल ते कशामुळे हे ब्रह्मदेवालाही सांगता येणार नाही.

मनगटाला तोवर जाड कापडी पट्टा बांधा, चावायला सिलिकॉनची चघळणी द्या. जखमेत पू, लाली, गरमपणा दिसला तर ती आधी दाखवा.

होटगीरोड_बाबा

बाईंचे तीन रकाने शंभर टक्के बरोबर. पण 'आधी वर्तनावर काम, मग औषध' हा नियम डोकं आपटणाऱ्या मुलाला सरसकट लावू नका. कपाळ किंवा डोळ्याभोवतीचा भाग वारंवार जोरात आपटला तर डोळ्याचा पडदा सरकू शकतो, मोतीबिंदू होऊ शकतो, आणि न बोलणारं मूल दिसत नाही हे सांगणार नाही. आपटण्याला जोर असेल तर दोन्ही एकदम चालू करावं लागतं, आणि नेत्रतज्ज्ञांकडून बाहुली मोठी करून पडदा बघून घ्यावा.

आता डोस, म्हणजे डॉक्टर काय करतायत ते तुम्हाला कळेल. मान्यताप्राप्त पद्धत अशी: २० किलोच्या खाली ०.२५ मिग्रॅने सुरुवात, २० किलो किंवा जास्त असेल तर ०.५ ने. किमान ४ दिवसांनी दुप्पट, म्हणजे तुमच्या मुलाला १ मिग्रॅपर्यंत. तिथं किमान १४ दिवस थांबायचं. पुढची वाढ लागलीच तर दोन-दोन आठवड्यांच्या अंतराने ०.५ ने. एकूण पल्ला दिवसाला ०.५ ते ३ मिग्रॅ. तुमच्या डॉक्टरांचा ०.५ हा नेमका सुरुवातीचा डोस आहे. 'काहीच फरक नाही' म्हणून तिसऱ्या दिवशी घरीच वाढवायचा नाही.

सासूबाईंची गुंगीची भीती पोकळ नाही. झोपाळूपणा येतो, पहिल्या दोन आठवड्यांत सगळ्यात जास्त, पुढे बहुतेकांचा ओसरतो. म्हणून रात्री देतात. पंधरवड्यानंतरही मूल शाळेत डुलक्या घेत असेल, लाळ गळत असेल, चेहरा निर्विकार झाला असेल तर डोस जास्त झालाय, डॉक्टरांना सांगा. गुंगीत शांत बसलेलं मूल हे औषधाचं यश नव्हे, आणि हे सासूबाईंना तुम्ही आधीच सांगून टाका की आम्हीही ते चालवून घेणार नाही.

कशावरून ठरवायचं: दोनच गोष्टी निवडा. आपटण्याचे दिवसातले प्रसंग आणि चावल्याच्या ताज्या खुणा. ब्रिटनच्या नाइस संस्थेच्या २०१३ च्या मार्गदर्शनानुसार ३ ते ४ आठवड्यांनी आढावा घ्यायचा आणि ६ आठवड्यांत ठळक फरक नसेल तर औषध बंद करायचं. 'चालू आहे तर असू दे' म्हणत वर्षानुवर्षं रेटायचं नाही.

एक सापळा मात्र नीट वाचा. या औषधाने कधीकधी अंगात एक तळमळ येते, मूल एका जागी बसू शकत नाही, येरझाऱ्या घालतं, चिडतं. घरचे म्हणतात आजार वाढला, डोस वाढवा. डोस वाढला की तळमळ आणखी वाढते. औषध सुरू केल्यावर किंवा वाढवल्यावर काही दिवसांतच चंचलपणा वाढला असेल तर ती तारीख आणि डोस डॉक्टरांसमोर ठेवा.

वजन हा खरा मोठा प्रश्न. त्याच २००२ च्या चाचणीत ८ आठवड्यांत औषध घेणाऱ्या मुलांचं वजन सरासरी २.७ किलोंनी वाढलं, दुसऱ्या गटाचं ०.८ ने. भूक राक्षसासारखी लागते. पहिल्या दिवसापासून बिस्किटं, फरसाण, साबुदाण्याच्या पापड्या घरात दिसतील अशा ठेवू नका, डब्यांना कुलूप लागलं तरी चालेल. सुरू करण्याआधी वजन, उंची, कंबर, रक्तदाब, उपाशीपोटीची साखर, रक्तातली चरबी. वजन पहिले तीन महिने दर आठवड्याला, एकाच काट्यावर. रक्त पुन्हा ३ महिन्यांनी, मग वर्षाला. वजन हाताबाहेर चाललं तर डॉक्टर मेटफॉर्मिन (मधुमेहाचं औषध) जोडतात किंवा औषध बदलतात. अॅरिपिप्राझोलला २००९ मध्ये ६ ते १७ वयासाठी ऑटिझममधल्या याच चिडचिडीकरता मान्यता मिळाली आहे, २ मिग्रॅने सुरू करतात. त्यानेही वजन वाढतं, पण प्रोलॅक्टिन (दूध येण्याशी संबंधित संप्रेरक) रिस्पेरिडोनसारखं चढत नाही. प्रोलॅक्टिन चढलं की मुलग्यांची छाती वाढते. ती दिसली तर लाजून लपवायचं नाही.

धावत जायचं ते दोनदाच. मान एका बाजूला आखडली, डोळे वर फिरून अडकले, जीभ बाहेर आली: घाबरवणारं दिसतं, पण इंजेक्शनने बहुधा अर्ध्या तासात उतरतं. आणि खूप ताप, अंग लाकडासारखं ताठ, भान हरपलेलं: औषध थांबवून थेट अपघात विभागात. उन्हाळ्यात याला 'ऊन लागलं' म्हणून पन्ह्यावर ठेवतात, ते नको. ऊन लागलंय की औषधाने झालंय, हा भेद घरी करायचा नसतो.

उन्हाबद्दल तेवढंच: हे औषध शरीराची उष्णता सांभाळण्याची ताकद कमी करू शकतं. १२ ते ४ बाहेर नाही, आणि तहान न सांगणाऱ्या मुलाला तासातासाला पाणी समोर धरायचं. लघवी गडद दिसली तर पाणी कमी पडतंय.

नवीपेठ_पालक

ताईंना फिटचा प्रश्न नाही, पण इतर वाचणाऱ्यांसाठी: लेव्हेटिरॅसिटाम (फिटचं औषध) चालू असलेल्या मुलात चिडचीड वाढली तर आधी त्याच्यावर संशय घ्या, रिस्पेरिडोन जोडण्यापूर्वी. कार्बामाझेपिनसोबत (हेही फिटचं औषध) रिस्पेरिडोनचा असर कमी होतो, फ्लुऑक्सेटिनसोबत (नैराश्यावरचं औषध) वाढतो. फिटची कुठलीही गोळी स्वतःहून बंद करायची नाही.

झोपेचा प्रश्न वेगळा मांडा. त्यासाठी मेलाटोनिन (झोपेचं संप्रेरक) १ ते ३ मिग्रॅ, झोपायच्या ३० ते ६० मिनिटं आधी, असं सुरू करतात. नुसत्या झोपेसाठी रिस्पेरिडोन वाढवत नेऊ नये.

आणि कुणी मुंबई-पुण्यात स्टेम सेलचं पॅकेज गळ्यात मारत असेल तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत ऑटिझमसाठी ते उपचार म्हणून मान्य नाही, एवढं दाखवा. ऑटिझमसाठी गहू बंद करण्याचा पुरावाही कच्चाच आहे. ज्वारीच्या भाकरीच्या गावात करून बघणं सोपं आहे म्हणा, पण दूधही तोडलं तर कॅल्शियमचं काय ते आधी विचारा.

कागदांचं: केंद्र सरकारच्या निरामय आरोग्यविम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं आणि ठरावीक मर्यादेत ओपीडी-औषधंही बसतात. अपंगत्वाचा दाखला लागतो. औषधांची बिलं मुलाच्या नावाने घ्या, वडिलांच्या नाही.

जुळेसोलापूरकर

रकाने भरायला घेतले. आपटणं बरंचसं जेवणानंतर आणि पहाटे दिसतंय, त्यामुळे आधी दात आणि पोट. दंतवैद्य म्हणाले दोन दाढा किडल्यात, भूल देऊन एकदमच करू. डॉक्टरांशी बोलून औषध तोवर उघडत नाही. मग सुरू झालं तर बंद कधी आणि कसं करतात?

होटगीरोड_बाबा

चांगलं चाललं तर साधारण ६ महिन्यांनी डॉक्टर कमी करून बघतात, काही आठवड्यांत थोडं थोडं. एकदम नाही. २००५ च्या अभ्यासात ६ महिन्यांनी हळूहळू काढून घेतलेल्या मुलांपैकी जवळपास ६२ टक्के मुलांत त्रास परतला, चालू ठेवलेल्यांत साडेबारा टक्के. म्हणून परीक्षा, लग्नसराई, घर बदलणं अशा वेळी कमी करायला घेऊ नका.

भूल देणारच आहेत तर एक करा. रक्ताच्या सगळ्या तपासण्या, फेरिटिन धरून, त्याच वेळी सुई लावतील तेव्हा घ्यायला सांगा. तसा तो उपाशीपोटी असेलच. कान आणि डोळ्याचा पडदाही त्याच भुलीत बघता येतो का हे दोन्ही तज्ज्ञांना आधी फोन करून विचारा, आयत्या वेळी कुणी येत नाही. भूलतज्ज्ञांना चालू असलेलं प्रत्येक औषध चिठ्ठीसकट दाखवा, खोकल्याचं सिरपसुद्धा.